सगळं फुकट असताना मागणी-पुरवठा कशाला शिकायचा?

प्रश्न थोडक्यात असा होता: मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मायक्रोइकॉनॉमिक्सचा पहिलाच कोर्स चालू आहे, मागणी वक्र, पूर्ण स्पर्धा, किंमत बरोबर सीमांत खर्च (म्हणजे आणखी एक नग बनवायचा खर्च) वगैरे शिकून झालं, पण मी वापरतो त्या निम्म्या ॲप्सची किंमत शून्य, एक युजर वाढला तर खर्चही जवळजवळ शून्य, शिवाय ‘एका क्लिकवर’ दुसरीकडे जाता येतं तरी शेवटी एकच कंपनी सगळं मार्केट घेऊन जाते. मग हा कारखान्यांच्या काळातला सिद्धांत इथे लागू होतो का, आणि यातलं काय सोडून दिलं तर चालेल?

मी बरीच वर्षं ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या प्रायसिंगचं काम करतोय, टीममध्ये नवीन येणाऱ्या ॲनालिस्टना हेच शिकवावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिद्धांत लागू होतो, आणि चांगलाच होतो. अडचण अशी आहे की पहिल्या काही आठवड्यांत आकृत्या लक्षात राहतात आणि त्यामागचा खरा विचार निसटतो. तो विचार म्हणजे सीमांत. सरासरी ग्राहक काय करतो हे महत्त्वाचं नाही, जो काठावर उभा आहे, म्हणजे किंमत किंवा सोय जराशी बदलली तर इकडचा तिकडे होईल असा ग्राहक, तो काय करतो हे बघायचं. डिजिटल कंपन्यांतल्या ज्या मोठ्या चुका मी जवळून बघितल्या त्यातल्या बऱ्याचशा सरासरीला सीमांत समजल्यामुळे झालेल्या होत्या.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटचं उदाहरण घ्या, हे प्रकाशित संशोधन आहे. २०१२ मध्ये त्यांच्या अर्थतज्ज्ञांनी ठरवलं की सर्चवर ‘ईबे’ हा शब्द टाकल्यावर दिसणारी आपली पैसे भरलेली जाहिरात काही सर्च इंजिनांवर बंद करून बघायची. तोपर्यंत रिपोर्ट काय सांगत होते, तर या जाहिरातींवर क्लिक करणारे लोक भरपूर खरेदी करतात, म्हणजे जाहिरात जोरात चाललीये. बंद केल्यावर काय झालं? जाहिरातीतून येणारे क्लिक गेले, पण त्यातले ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच. जो माणूस स्वतः कंपनीचं नाव टाइप करतोय तो येणारच होता ना! मग इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत बंद करून बघितल्या, तिथेही नेहमीच्या ग्राहकांवर परिणाम जवळपास नाही, जे नवीन किंवा क्वचित येणारे होते त्यांच्यावर मात्र झाला. दर क्लिकमागे सरासरी विक्री किती हा आकडा खरा होता, पण निर्णयासाठी निरुपयोगी होता, कारण प्रश्न ‘आणखी एक रुपया टाकला तर किती वाढेल’ हा होता. पाठ्यपुस्तकातल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातलीच ही गोष्ट आहे, तरी मोठमोठ्या कंपन्या अजूनही मार्केटिंगचं बजेट सरासरीवर ठरवतात.

आता तुमचा मुख्य मुद्दा, सीमांत खर्च शून्य असला तर. इथे लोक म्हणतात सिद्धांत मोडला, मला तर वाटतं इथेच तो सगळ्यात स्वच्छ दिसतो. पूर्ण स्पर्धेत किंमत सीमांत खर्चाला येऊन टेकते हे तुम्ही शिकलात. म्हणजे सारख्याच मालाच्या दोन कंपन्या किमतीवर भांडल्या तर किंमत शून्यापर्यंत येणार, अर्थतज्ज्ञ बर्ट्रांडने १८८३ मध्ये जे मांडलं तेच. पण मग सॉफ्टवेअर बनवायला आधी जो प्रचंड स्थिर खर्च झाला तो भरून कुठून काढायचा? कुठूनच नाही. म्हणून अशा मार्केटमध्ये टिकलेल्या प्रत्येक कंपनीकडे थोडीतरी मक्तेदारी शक्ती असतेच, काहीतरी वेगळेपण, काहीतरी अडकवून ठेवणारं. तेव्हा डिजिटल मार्केटमध्ये पूर्ण स्पर्धा दिसत नाही याचं आश्चर्य वाटायला नको, तुमचं मॉडेलच सांगतंय की ती टिकूच शकत नाही.

एक छोटं गणित करा. मागणी समजा १०० वजा किंमत, खर्च शून्य. कंपनी किंमत ५० ठेवेल, ५० लोक घेतील, उत्पन्न २,५००. उरलेल्या ५० लोकांना ती गोष्ट हवी आहे, त्यांच्या लेखी तिची किंमत ४९ पासून खाली शून्यापर्यंत काहीही आहे, आणि त्यांना ती द्यायला कंपनीला छदामही खर्च नाही, तरी ते बाहेर. मागणीच्या रेषेखालचा या बाहेरच्या लोकांचा त्रिकोण काढला तर (५० गुणिले ५० भागिले २) समाजाचं नुकसान १,२५०. आता कंपनीच्या जागी बसून बघा, हे बाहेर राहिलेले लोक तिला छळतात. विद्यार्थ्यांना सवलत, फीचर्स कमी करून दिलेलं फ्री व्हर्जन, जाहिराती बघा आणि फुकट वापरा, गरीब देशात कमी दर, हे सगळं त्या १,२५० पैकी काही आपल्याकडे ओढायचे मार्ग आहेत. मूल्यभेद, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दराने विकणं, हा धडा बऱ्याच कोर्सेसमध्ये घाईत उरकतात, तुम्ही मात्र त्यावर बसा. बंडलिंगही त्यातलंच: एकाला पहिली सेवा ८ ची वाटते, दुसरी ३ ची, दुसऱ्या माणसाचं बरोबर उलटं. वेगवेगळी विकली तर जास्तीत जास्त १६ मिळतील, दोन्ही एकत्र ११ ला विकली तर दोघेही घेतात आणि २२ मिळतात. सबस्क्रिप्शनमध्ये तुम्हाला नको असलेल्या गोष्टी का कोंबलेल्या असतात त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आणि हो, ‘सीमांत खर्च शून्य’ हे सरसकट धरू नका. पेमेंटचं शुल्क, कस्टमर सपोर्ट, मजकुरावरची देखरेख, डिलिव्हरी, हे सगळं युजर वाढला की वाढतं. जनरेटिव्ह एआयमध्ये तर प्रत्येक प्रश्नाला कॉम्प्युटिंग पॉवर आणि वीज खर्च होते, म्हणून तिथे वापरावर मर्यादा आणि वेगवेगळे प्लॅन दिसतात, जुन्या सर्च इंजिनासारखं ‘या, कितीही वापरा’ असं सहज करता येत नाही. आधी खर्चाचा आकार बघायचा, मग मॉडेल निवडायचं.

किंमत शून्य, याचं उत्तर असं की तुम्ही दोन किमतींपैकी एकच बघताय. प्लॅटफॉर्मला दोन बाजू असतात, इकडे वाचक तिकडे जाहिरातदार, इकडे प्रवासी तिकडे ड्रायव्हर, इकडे कार्ड वापरणारा तिकडे दुकानदार. रोशे आणि तिरोल या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की अशा ठिकाणी एकूण किंमत किती यापेक्षा ती दोन बाजूंत कशी वाटली हे जास्त महत्त्वाचं. जी बाजू किमतीला जास्त संवेदनशील आहे आणि जिच्या येण्याने दुसरी बाजू खेचली जाते तिला स्वस्त द्यायचं, फुकट द्यायचं, कधी कधी उलटे पैसेही द्यायचे (कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट हेच की), आणि वसुली दुसरीकडून. अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ नुसतं वाचायचा प्रोग्रामसुद्धा विकत ठेवला होता, नंतर तो फुकट केला आणि पैसे पीडीएफ बनवणाऱ्यांकडून घेतले, कारण वाचणारे नसतील तर बनवणारा का येईल. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: एका बाजूची किंमत खर्चापेक्षा कमी दिसली म्हणून लगेच ‘स्पर्धकांना मारायला तोट्यात विकताहेत’ असं म्हणता येत नाही, आणि एका बाजूला फुकट आहे म्हणून मक्तेदारी नाही असंही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीच्या खटल्यात दोन्ही बाजू एकत्र बघायचा निकाल दिला, तोही ५ विरुद्ध ४ असा, म्हणजे न्यायाधीशांमध्येही यावर एकमत नव्हतं.

बरं, किंमत शून्य असताना ग्राहकाला फायदा किती झाला हे कसं मोजायचं? इथे थोडं थांबतो, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. संतोषाधिक्य म्हणजे कंझ्युमर सरप्लस, देण्याची तयारी वजा दिलेली किंमत, एवढं पुस्तकात असतं. फुकट गोष्टींसाठी ब्रायन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात प्रश्न उलटा केला: महिनाभर फेसबुक सोडायला किती पैसे घ्याल? काहींना खरोखर पैसे देऊन सोडायलाही लावलं, म्हणजे नुसतं तोंडी उत्तर नव्हतं. मधला आकडा साधारण ४८ डॉलर आला. वर्षाचा हिशोब केला तर कंपनी एका युजरमागे जाहिरातींतून कमावते त्याच्या कितीतरी पट. वाटतं की चला, डिजिटल मार्केटने लोकांचं प्रचंड भलं केलं आणि ते जीडीपीत दिसतच नाही.

पण पुढे वाचा. आल्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८ च्या अमेरिकन निवडणुकीआधी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद करायला पैसे दिले. दिवसाचा साधारण तासभर मोकळा झाला, मनःस्थिती थोडी सुधारली, आणि चार आठवड्यांनंतर त्याच लोकांनी फेसबुकची स्वतःच लावलेली किंमत कमी झाली. म्हणजे मोजायची फूटपट्टीच वापराबरोबर बदलते, त्यात सवयीचा भाग आहे. आणि २०२३ मध्ये बुर्स्टिन वगैरेंनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारले. तू एकट्याने टिकटॉक बंद करायला किती घेशील? सरासरी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. आता दुसरा प्रश्न, तुझ्यासकट तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांचं बंद झालं तर? तर मुलं म्हणाली त्यासाठी आम्हीच पैसे देऊ, टिकटॉकसाठी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीवरून उठून फेऱ्या मारल्या होत्या. पहिल्या प्रश्नात आपण फायदा मोजतोय असं वाटतं, प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग एकटं पडण्याची भीती आहे. जो वापरत नाही त्याचं नुकसान वापरणाऱ्यांमुळे होतं, म्हणजे ही सरळ सरळ बाह्यता आहे, धुराच्या कारखान्याच्या उदाहरणाने शिकवतात तीच. मागणी वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे कल्याण, हे वाक्य तेव्हाच खरं जेव्हा ‘न वापरणं’ ही स्थिती इतरांच्या वापराने बिघडत नाही. सिद्धांतात ही अट आधीपासूनच लिहिलेली होती, आपण ती वाचून पुढे गेलो एवढंच.

एकच कंपनी सगळं घेऊन जाते, यावर. नेटवर्क इफेक्ट (वापरणारे वाढले की प्रत्येकासाठी सेवेचा उपयोग वाढतो) हा शब्द सगळे वापरतात, पण इथेही सीमांत विचारा: आणखी एक युजर आल्याने मला किती फायदा? मेसेजिंगमध्ये माझी माणसं कुठे आहेत यावर सगळं ठरतं, तिथे पकड घट्ट. टॅक्सी ॲपमध्ये गाडी दहा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत आली तर मोठा फरक, तीनऐवजी अडीच मिनिटांत आली तर कुणाला काय पडलंय, शिवाय दुसऱ्या शहरात किती ड्रायव्हर आहेत याचा मला उपयोगच नाही. त्यामुळे तिथे दुसरा स्पर्धक शहरापुरता उभा राहू शकतो, जर ड्रायव्हर दोन्ही ॲप्स चालू ठेवू शकत असतील तर. हा ‘जर’ फार मोठा आहे. मार्च २०१८ मध्ये टॅक्सी ॲप उबरने आग्नेय आशियातला धंदा ग्रॅब या स्पर्धक ॲपला विकला, सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाला आढळलं की त्यानंतर प्रवाशांना पडणारं भाडं १० ते १५ टक्क्यांनी वाढलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांना मिळून १.३ कोटी सिंगापूर डॉलर दंड झाला. पण माझ्या मते दंडापेक्षा कामाचा आदेश दुसरा होता, की ड्रायव्हरना फक्त आपल्याच ॲपला बांधून ठेवायचं नाही. स्पर्धा कुठे अडते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

लवचिकतेबद्दल, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते त्याबद्दल, एक गोष्ट कोर्समध्ये बहुधा सांगणार नाहीत. मागणी वक्र फळ्यावर काढतात, पण प्रत्यक्षात तो दिसत नाही. किंमत वाढली तेव्हाच मागणीही वाढलेली असते, पाऊस पडला, मॅच सुटली, मग आकड्यांवरून वाटतं की लोकांना महाग आवडतं. उबरच्या डेटावरचा २०१६ चा अभ्यास यासाठी जरूर समजून घ्या. सर्जचा गुणक, म्हणजे गर्दीच्या वेळी भाडं किती पट करायचं तो आकडा, आतमध्ये अगदी दशांशांत मोजला जायचा पण दाखवताना राउंड व्हायचा, १.२४९ असेल तर १.२ आणि १.२५१ असेल तर १.३. म्हणजे परिस्थिती जवळजवळ तीच, पण दिसणारी किंमत वेगळी. या फटीतून, चार शहरांतल्या सुमारे ५ कोटी नोंदींवरून, त्यांनी मागणी वक्र बाहेर काढला, लवचिकता ०.४ ते ०.६ च्या आसपास निघाली आणि २०१५ सालचं अमेरिकेतलं संतोषाधिक्य ६.८ अब्ज डॉलर. मात्र ही त्या क्षणाची लवचिकता आहे, ॲप उघडून रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाची. वर्षभर भाडं जास्त राहिलं तर लोक काय करतील ते यातून कळत नाही, आणि मीटिंगमध्ये हा आकडा नेमका त्याच प्रश्नासाठी वापरला जातो.

कमिशन आणि टॅक्सवर तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो कारण यात बहुतेकांची अंतःप्रेरणा चुकते. ॲप स्टोअरने ३० टक्के कमिशन घेतलं तर ॲपची किंमत वाढेल, असं वाटतं ना? वरचं गणित परत घ्या, खर्च शून्य. डेव्हलपरला उत्पन्नाच्या ७० टक्के मिळणार. जी किंमत पूर्ण उत्पन्न जास्तीत जास्त करते तीच ७० टक्केही जास्तीत जास्त करते, म्हणजे किंमत ५० च राहणार! नुकसान दुसरीकडे होतं, काही ॲप्स बनतच नाहीत, कारण उरलेल्या पैशात स्थिर खर्च भरून निघत नाही, आणि न बनलेलं ॲप कुणाला दिसत नाही. आता प्रत्येक विक्रीमागे २० खर्च धरा. कमिशन नसताना किंमत ६०, कमिशन लावल्यावर साधारण ६४.३. म्हणजे ज्याच्या मालाला खरा खर्च आहे तिथेच भार ग्राहकापर्यंत पोचतो. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून मोठ्या डिजिटल कंपन्यांवर २ टक्के टॅक्स लावला, सप्टेंबरपासून ॲमेझॉनने तिथल्या विक्रेत्यांची फी २ टक्क्यांनी वाढवली. कायद्यात नाव कुणाचं आणि भार कुणावर, हे लवचिकतेच्या धड्यातलंच आहे.

काय सोडायचं? अल्पकालीन खर्चाच्या त्या पाच-सहा वक्ररेषा परीक्षेपुरत्या करा, समवृत्ती वक्रांची (ग्राहकाला सारख्याच आवडणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषा) भूमितीही समजण्यापुरती. वेळ लवचिकता, मूल्यभेद, बाह्यता, गेम थिअरी आणि माहितीची विषमता यांना द्या. विकणाऱ्याला मालाबद्दल घेणाऱ्यापेक्षा जास्त माहिती असते तेव्हा काय होतं, हे अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांवरून मांडलं, त्याशिवाय ऑनलाइन रेटिंग कळत नाहीत. लिलावही बघा, अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेला दुसऱ्या-किमतीचा लिलाव (सगळ्यात मोठी बोली जिंकते, पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच पैसे भरते) समजला की सर्चच्या जाहिरातींची किंमत कशी ठरते ते तासाभरात कळेल.

आता राहिली ‘एका क्लिकवर’ वाली गोष्ट. सर्च इंजिन बदलायला वरवर खर्च शून्य, तरी गूगलने २०२१ मध्ये ब्राउझर आणि फोनवर आपलं सर्च डीफॉल्ट, म्हणजे आधीपासूनच निवडलेलं, राहावं म्हणून २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकन सरकारने भरलेल्या खटल्यात समोर आलं, आणि ५ ऑगस्ट २०२४ ला कोर्टाने गूगलला सर्चमधला मक्तेदार ठरवलं. क्लिक खरंच फुकट असता तर एवढे पैसे कुणी दिले नसते. कंपनी काठावरच्या युजरची किंमत मोजत होती, जो डीफॉल्ट असेल ते वापरतो. मात्र दुसरी बाजूही आहे: एका प्रयोगात गूगल वापरणाऱ्यांना पैसे देऊन दोन आठवडे बिंग हे मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन वापरायला लावलं, नंतर साधारण एक तृतीयांश लोक बिंगवरच राहिले, बाकीचे परत गेले. म्हणजे काहींना गूगल खरंच जास्त आवडतं आणि काहींनी दुसरं कधी नीट वापरूनच बघितलं नव्हतं. या दोन गटांचं प्रमाण किती यावर उपाय काय करायचा ते ठरतं. नुसता निवडीचा स्क्रीन दाखवून दुसरा गट हलत नाही, त्याला वापरून बघायला कारण लागतं. तुमच्या कोर्समध्ये मक्तेदारीचं प्रकरण येईल तेव्हा हेच उदाहरण घेऊन बसा, आणि डीफॉल्ट बदलला तर किती टक्के लोक परत गूगलवर जातील याचा अंदाज आधी स्वतः कागदावर मांडा.